विश्वास बसणे आणि विश्वास टाकणे

मराठीत ‘विश्वास’ या शब्दाला आपण निरनिराळी क्रियापदे जोडतो. एखाद्याचे बोलणे पटले की आपण म्हणतो, ‘माझा विश्वास बसला’. आणि एखाद्याच्या हाती घराची किल्ली देऊन गावाला जायचे असते तेव्हा म्हणतो, ‘मी त्याच्यावर विश्वास टाकला’. पहिल्यात विश्वास आपल्या मनात आपोआप येऊन बसतो. दुसऱ्यात आपण काहीतरी करतो, आणि जे करतो त्यात धोका असतो. किल्ली परत मिळेलच याची लेखी हमी कुणी दिलेली नसते.

ख्रिस्ती धर्मात ‘विश्वास’ आणि ‘नवा जन्म’ हे दोन शब्द पदोपदी येतात. इतर धर्मीयांना ते ऐकून माहीत असतात, पण त्यांचा नेमका अर्थ काय, याबद्दल बराच गोंधळ असतो. हा गोंधळ बाहेरच्यांपुरता नाही. खुद्द ख्रिस्ती मंडळींत या दोन शब्दांवरून शतकानुशतके वाद झाले, कोर्टकचेऱ्या झाल्या, पंथ निर्माण झाले. आणि आपल्या महाराष्ट्रातल्या एका असामान्य बाईच्या आयुष्यात हे दोन्ही शब्द केंद्रस्थानी आले. त्या बाई म्हणजे पंडिता रमाबाई. आज त्यांच्याच आधाराने हे दोन शब्द समजून घेण्याचा मी प्रयत्न करणार आहे.

आधी ‘नवा जन्म’. योहानाच्या शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायात निकदेम नावाच्या गृहस्थाची गोष्ट आहे. हा परूशी पंथातला, ज्यू समाजाचा पुढारी, शास्त्र जाणणारा माणूस. तो रात्रीच्या वेळी येशूकडे येतो. येशू त्याला सांगतो की, नव्याने जन्मल्याशिवाय देवाचे राज्य दिसायचे नाही. निकदेमाला कोडे पडते. म्हातारा माणूस पुन्हा आईच्या पोटात कसा जाणार? या गैरसमजामागे एक भाषिक गंमत आहे. मूळ ग्रीकमध्ये जो ‘आनोथेन’ शब्द आहे त्याचा अर्थ ‘पुन्हा’ असाही होतो आणि ‘वरून’ असाही होतो. निकदेम ‘पुन्हा’ एवढेच ऐकतो; येशूच्या बोलण्यात ‘वरून’, म्हणजे देवाकडून, हा अर्थही आहे. हा जन्म पाण्याने आणि आत्म्याने होतो, असे पुढे स्पष्टीकरण येते.

आपल्याकडे हा विषय निघाला की ‘पुनर्जन्म’ हा शब्द ओठांवर येतो. पण तो इथे उपयोगाचा नाही. आपला पुनर्जन्म म्हणजे मरणानंतर कर्मानुसार मिळणारा दुसरा देह. ख्रिस्ती नवा जन्म याच देहात, याच आयुष्यात होतो. आपल्या परंपरेत त्याच्या जवळ जाणारी कल्पना शोधायची तर ती ‘द्विज’ या शब्दात सापडते. मुंज झाली की मुलाचा दुसरा जन्म झाला असे मानतात. मात्र हा दुसरा जन्म सर्वांसाठी नव्हता. शूद्रांना तो नव्हता, आणि ब्राह्मणाच्या घरी जन्मलेल्या मुलीलाही नव्हता. विवाह हाच स्त्रियांचा उपनयनसंस्कार, असे मनुस्मृतीचे सांगणे. रमाबाईंची कथा ऐकताना ही गोष्ट लक्षात ठेवायला हवी.

आता ‘विश्वास’. नव्या कराराच्या ग्रीकमध्ये यासाठी ‘पिस्तिस’ हा शब्द आहे. त्यात भरवसा, निष्ठा आणि व्यवहारातली पत असे सगळे अर्थ मिसळलेले आहेत. योहानाच्या शुभवर्तमानात तर हे नाम एकदाही येत नाही. येते ते क्रियापद, आणि तेही शंभराच्या आसपास वेळा. म्हणजे विश्वास ही जवळ बाळगायची वस्तू नसून करायची कृती आहे, असे जणू त्या लेखकाला सुचवायचे असावे. ‘आमेन’ हा शब्दही अशाच एका हिब्रू धातूपासून आला आहे. भक्कम, टिकाऊ, ज्यावर भार टाकता येतो असे, हा त्या धातूचा भाव. याकोबाच्या पत्रात तर असा टोला आहे की, देव एकच आहे एवढे तर भुतेखेतेही मानतात!

सोळाव्या शतकात मार्टिन ल्यूथरने हाच धागा उचलला. त्याच्या परंपरेतल्या धर्मपंडितांनी पुढे विश्वासाच्या तीन पायऱ्या सांगितल्या. पहिली माहिती असणे, दुसरी ती खरी आहे हे पटणे आणि तिसरी भरवसा टाकणे. या तिसऱ्या पायरीला लॅटिनमध्ये ‘फिदुकिया’ म्हणतात. पहिल्या दोन पायऱ्या चढूनही माणूस दाराबाहेर उभा असू शकतो, असे त्यांचे म्हणणे.

याचे एक प्रसिद्ध उदाहरण म्हणजे जॉन वेस्ली. ऑक्सफर्डचा विद्वान, चर्च ऑफ इंग्लंडचा धर्मगुरू, काटेकोर आचरणाचा माणूस. १७३५ मध्ये तो अमेरिकेतल्या जॉर्जिया वसाहतीकडे धर्मप्रसारासाठी निघाला. वाटेत समुद्रात मोठे वादळ झाले. जहाजावरचे इंग्रज किंचाळत होते आणि मोरेव्हियन पंथाचे साधे जर्मन लोक मात्र शांतपणे भजन म्हणत होते. त्यांच्या बायकामुलांनाही भीती वाटली नाही हे पाहून वेस्ली अस्वस्थ झाला. आपल्याजवळ सगळे धर्मज्ञान आहे, पण यांच्याजवळ जे आहे ते नाही, हे त्याच्या ध्यानी आले. पुढे २४ मे १७३८ रोजी लंडनच्या ऑल्डर्सगेट रस्त्यावरच्या एका सभेत ल्यूथरची रोमकरांस पत्राची प्रस्तावना वाचली जात असताना, रात्री पावणेनऊच्या सुमारास, आपला भार ख्रिस्तावर टाकला गेल्याचे त्याला जाणवले. धर्मगुरूपदाची दीक्षा घेऊन तेव्हा त्याला जवळजवळ दहा वर्षे झाली होती. मेथॉडिस्ट चळवळीचा इतिहास या संध्याकाळीपाशी थांबल्याशिवाय पुढे जात नाही.

पण इथेच वाद उभा राहतो. नवा जन्म नेमका केव्हा होतो? रोमन कॅथलिक, ऑर्थोडॉक्स आणि अँग्लिकनांतला मोठा वर्ग म्हणतो की, बाप्तिस्म्यात होतो. दुसरा पक्ष म्हणतो की, पाण्याचा विधी ही खूण आहे. हृदय पालटत नाही तोवर जन्म कसला? एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये हे प्रकरण थेट न्यायासनापुढे गेले. एक्झेटरचे बिशप फिलपॉट्स यांनी १८४७ मध्ये जॉर्ज गोरहॅम या धर्मगुरूला नेमणूक नाकारली. बाप्तिस्मा झाला की बालकाचा नवा जन्म झालाच, हे गोरहॅम मानत नव्हता. १८५० मध्ये प्रिव्ही कौन्सिलने निकाल गोरहॅमच्या बाजूने दिला. त्यावर संतापून काही नामवंत अँग्लिकन मंडळी रोमन कॅथलिक झाली.

याच एक्झेटरच्या धर्मप्रांतात त्या वेळी कॉर्नवॉल येत असे. तिथे बाल्ढू नावाच्या खेड्यात विल्यम हॅस्लम हा धर्मगुरू होता. विधी, वेदी, वस्त्रे यांची त्याला मोठी आवड. १८५१ मध्ये एका रविवारी तो आपल्याच प्रवचनात, आपल्याच शब्दांनी ढवळून निघाला. आपण लोकांना जे सांगतो आहोत ते आपल्यालाच घडलेले नाही, असे त्याला व्यासपीठावर उभे असताना उमगले आणि त्याचा चेहरा व आवाज इतका पालटला की, समोरच्या लोकांतला एक जण ‘धर्मगुरूच पालटला!’ अशा अर्थाचे ओरडला. या हॅस्लमने पुढे ‘मरणातून जीवनात’ अशा अर्थाच्या नावाचे आत्मवृत्त लिहिले. ते पुस्तक फिरत फिरत पुण्यात एका मराठी बाईच्या हाती पडले.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला आणि मुलीला संस्कृत शिकवण्याचे ‘पाप’ केले. हे कुटुंब तीर्थोतीर्थी पुराण सांगत हिंडायचे. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात आई, वडील आणि मोठी बहीण गेली. त्या दिवसांचे वर्णन रमाबाईंनी स्वतः केले आहे. होता नव्हता तो पैसा दानधर्मात दिला, उपासतापास केले, दैवते पुजली. अन्न मिळाले नाही. पुढे भाऊ श्रीनिवास आणि त्या देशभर पायी फिरल्या. पंजाबात थंडीने जीव जायची वेळ आली तेव्हा दोघांनी नदीकाठच्या वाळूत खड्डे खणून, गळ्यापर्यंत वाळू ओढून रात्र काढली. ज्याच्यावर टाकावा त्याने झेलू नये, असा विश्वासाचा अनुभव या बाईने विशीच्या आत घेतला होता. म्हणून पुढे त्यांनी हा शब्द वापरला तेव्हा तो हलक्याने वापरला नसणार, असे मला वाटते.

१८७८ मध्ये कलकत्त्याला त्यांच्या विद्वत्तेचा गौरव झाला, ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ म्हणून. १८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी दास मेधावी यांच्याशी विवाह झाला, पुढच्या वर्षी मनोरमा झाली आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पतीही पटकीने गेले. त्या पुण्याला आल्या, आर्य महिला समाज काढला, हंटर कमिशनपुढे साक्ष दिली आणि १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या. वाँटिज येथील सेंट मेरी मठातल्या भगिनींकडे त्या राहिल्या आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला.

हे का घडले? दोन कारणे त्यांच्या लेखनातून दिसतात. एक बुद्धीचे. नीळकंठशास्त्री उर्फ फादर नेहेम्या गोऱ्हे यांनी त्यांना लिहून पाठवलेल्या युक्तिवादांनी त्यांना ख्रिस्ती मत पटले. दुसरे पाहण्यातले. लंडनजवळ फुलहॅम येथे वाट चुकलेल्या स्त्रियांना आधार देणारे मठाचे घर त्यांनी पाहिले. आपल्या शास्त्रांनी आणि समाजाने ज्यांना दार बंद केले असते, त्या बायकांची तिथे मायेने शुश्रूषा चालली होती. असे का, म्हणून विचारले तेव्हा भगिनींनी त्यांना येशू आणि शोमरोनी स्त्री यांची गोष्ट वाचून दाखवली. मुंजीचा दुसरा जन्म ज्या बाईला कधीच मिळणार नव्हता, तिला इथे एक दुसरा जन्म दिसला, जो स्त्रीला आणि पतितेलाही मोकळा होता.

पण बाप्तिस्मा झाला म्हणून रमाबाई मुकाट्याने मान तुकवणाऱ्या झाल्या नाहीत. वाँटिजचा मठ हा विधी आणि धर्मसत्ता मानणाऱ्या पक्षाचा. सिस्टर जेराल्डिन या त्यांच्या धर्ममाता. या दोघींचा पत्रव्यवहार प्रसिद्ध झाला आहे आणि तो वाचण्यासारखा आहे. त्रैक्याची शिकवण मला पटवून द्या, चर्च म्हणते म्हणून मी मानणार नाही, असा रमाबाईंचा सूर. ब्राह्मण पुरोहितांचे जोखड मोठ्या कष्टाने झुगारले, ते दुसऱ्या पुरोहितांचे गळ्यात घालायला नव्हे, असे त्यांनी स्पष्ट बजावले. सिस्टर जेराल्डिन यांना हा अहंकार वाटला. मला त्यात प्रामाणिकपणा दिसतो. बुद्धीला जे पटलेले नाही ते पटल्याचे सोंग ही बाई करत नव्हती.

१८८९ मध्ये ११ मार्चला मुंबईत चौपाटीवर शारदा सदन सुरू झाले. पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई, म्हणजे पुढच्या आनंदीबाई कर्वे. १८९० मध्ये सदन पुण्याला आले. सदनात धर्मशिक्षण द्यायचे नाही, असे ठरलेले होते. आणि याच काळात, बाप्तिस्म्याला आठ वर्षे होत आली असताना, रमाबाईंनी हॅस्लमचे आत्मवृत्त वाचले.

त्यांनी १९०७ च्या आपल्या निवेदनात सांगितले आहे त्याचा आशय असा. ख्रिस्ती धर्म मला सापडला होता, पण ख्रिस्त सापडला नव्हता. तत्त्वे पटली होती, आचार चालू होता, मन मात्र भुकेले होते. हॅस्लमचे वाचून त्यांना स्वतःची स्थिती कळली. आपली विद्या, आपले सत्कार्य, आपली धडपड यांच्या जोरावर आपण देवापुढे उभे राहू पाहत होतो. ते सोडून, जशी आहे तशी, आपल्याला त्याच्या हवाली केले पाहिजे, असे त्यांना वाटले आणि त्यांनी तसे केले. म्हणजे १८८३ मध्ये त्यांचा विश्वास बसला होता. १८९१ च्या सुमारास त्यांनी तो टाकला.

याचा परिणाम एकट्या त्यांच्यावर झाला नाही. पहाटेची प्रार्थना त्या आपल्या खोलीत दार उघडे ठेवून करू लागल्या आणि काही मुली येऊन बसू लागल्या. पुण्यात गहजब झाला. ‘केसरी’ने कडाडून टीका केली. १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखे पाठीराखे सल्लागार मंडळातून बाहेर पडले. अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. इथे दोन्ही बाजू समजून घेतल्या पाहिजेत. रानडे-भांडारकरांनी लोकांच्या टीकेला तोंड देऊन या सदनाला आपली पत दिली होती. धर्मनिरपेक्षतेचा जो भरवसा त्यांनी पालकांना दिला, तो मोडल्याची त्यांची भावना खरी होती. रमाबाईंचे उत्तर होते की, मी कुणाला बोलावत नाही, पण कुणी आले तर दार लावणारही नाही. एकाच घरात दोन तऱ्हेचे विश्वास समोरासमोर आले होते. एक माणसांनी माणसांवर टाकलेला, दुसरा एका स्त्रीने देवावर टाकलेला. दोन्ही शाबूत राहणे शक्य नव्हते, आणि त्याची किंमत स्त्रीशिक्षणाच्या कार्याने चुकवली. पुण्याचा सुधारक समाज आणि रमाबाई यांच्यात पडलेली ती दरी पुढे भरून आली नाही.

भरवसा म्हणजे हातपाय गाळून बसणे, अशी एक समजूत आहे. केडगावचा इतिहास ती खोडून काढतो. रमाबाईंनी तिथे सुमारे शंभर एकर जमीन घेतली, फळझाडे लावली, विहिरी खणल्या. १८९६-९७ चा दुष्काळ पडला तेव्हा त्या मध्य भारतात गेल्या. दुष्काळात काय होते हे त्यांना पुस्तकातून शिकायचे नव्हते. तिथून त्यांनी शेकडो मुली-बायका आणल्या. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर ही संख्या दीड-दोन हजारांच्या घरात गेली. बोस्टनच्या रमाबाई असोसिएशनने दिलेले दहा वर्षांच्या मदतीचे वचन १८९८ मध्ये संपले होते. ब्रिस्टलचे अनाथाश्रम चालवणारे जॉर्ज म्यूलर यांचे चरित्र त्यांनी वाचले होते. कुणापुढे हात न पसरता प्रार्थनेवर विसंबायचे, ही म्यूलर यांची रीत त्यांनी पुढे ठेवली. पण त्याच वेळी मुक्तीमध्ये माग चालत होते, छापखाना चालत होता, शेती चालत होती, अंध मुली ब्रेल शिकत होत्या. ‘कृपा सदन’ नावाचे घर होते, फुलहॅमला पाहिले तसेच, समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी.

या सगळ्यावरून नवा जन्म एका क्षणीच होतो, असा नियम कुणी काढू नये. रेव्हरंड ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये झाला. लक्ष्मीबाईंना त्या वाटेने यायला आणखी पाच वर्षे लागली, आणि त्यांची वाट विद्वत्तेची नव्हती, स्वयंपाकघरातून आणि सोवळ्याओवळ्यातून जाणारी होती. निकदेमाचेही तेच. त्या रात्री तो निरुत्तर होऊन गेला. पुढे क्रुसावरच्या मृत्यूनंतर, उघडपणे येशूचे नाव घेणे धोक्याचे असताना, तो गंधरस आणि अगरू घेऊन दफनाला आला. त्याचा नवा जन्म कोणत्या दिवशी झाला, हे योहान सांगत नाही. वाद घालणारे चर्चही आता पुष्कळ जवळ आले आहेत. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी आउग्सबुर्ग येथे ल्यूथरन आणि कॅथलिक प्रतिनिधींनी या विषयावरच्या एका संयुक्त निवेदनावर सह्या केल्या.

रमाबाईंनी आयुष्याची अखेरची अनेक वर्षे एका कामाला वाहिली. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी संपूर्ण बायबल साध्या मराठीत उतरवले, खेड्यातल्या बाईला कळावे म्हणून. जुलै १९२१ मध्ये मनोरमा वारली. जिच्या हाती सगळे सोपवायचे, ती एकुलती एक मुलगी गेली. विशीत ज्या प्रश्नाने त्यांना देवळापासून दूर नेले, तोच प्रश्न साठी उलटल्यावर पुन्हा दारात उभा होता. या वेळी त्या मुद्रितांच्या कामाला परत बसल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले. ते बायबल १९२४ मध्ये मुक्तीच्या छापखान्यातून बाहेर पडले.